मदत हवी आहे: बॅकग्राउंड चेकवरून जुन्या कामगाराची नोटीस आलीय, उत्तर काय द्यावं?

नमस्कार मंडळी, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छोट्या पॅकेजिंग युनिटमध्ये अकाउंट्स आणि एचआर दोन्ही मीच बघते, म्हणजे पगार, पीएफ, गेटपास सगळंच. स्टोअरला एक मुलगा होता, कामाला चांगला, पण चवथीनंतर व्हॉट्सॲपवर राजीनामा टाकून गेला तो गेलाच, नोटीस पिरियड वगैरे काही नाही, आणि नेमका त्याच महिन्यात कागदाच्या रिळांचा हिशेब जुळेना. कोणी नेली, जास्त इश्यू झाली की एन्ट्रीच राहिली, आजवर कळलेलं नाही. चौकशी झाली नाही, त्याला साधं पत्रही दिलं नाही.

आता त्याला मोठ्या कंपनीत ऑफर होती, त्यांच्या व्हेरिफिकेशन एजन्सीचा मेल आला. नेहमीचाच फॉर्म, हुद्दा, तारखा, सोडण्याचं कारण आणि शेवटी 'पुन्हा कामावर घ्याल का'. मी हुद्दा, तारखा भरल्या. बाकीचं शेठना विचारलं तर ते खुर्ची ओढून स्वतः बसले, 'नाही'वर टिक केली आणि शेऱ्यात टाईप केलं, 'स्टोअरमध्ये तूट होती'. म्हटलं शेठ हे कशाला, तर म्हणे खोटं आहे का? खोटं नाही, पण वाचणारा काय समजणार ते उघड आहे ना!

ऑफर गेली. गंमत म्हणजे त्याने रेझ्युमेत आमच्याकडे डिसेंबरपर्यंत होतो असं ठोकलंय आणि पीएफला एक्झिट सप्टेंबरची, म्हणजे ऑफर नक्की कशामुळे गेली देव जाणे. पण वकिलाची नोटीस आम्हाला, बदनामी केली, माफी मागा, भरपाई द्या. शेठ म्हणतात टाक कचऱ्यात. त्यांचं काय, ते मडगावला राहतात, माझं घर त्याच्याच वाड्यावर, त्याची आई रोज दिसते आणि हल्ली तोंड फिरवून जाते.

तर उत्तर लेटरहेडवर चालेल की वकीलच हवा? एजन्सीला दुरुस्तीचा मेल केला तर आम्ही कबूल केल्यासारखं होईल का? आणि दुसऱ्या एका एजन्सीचा त्याच्याबद्दलचा मेल येऊन पडलाय, त्यात काय भरू?

प्रतिसाद, वेर्ण्याहून:
ताई, दुसऱ्या मेलला आधी त्याच्या सहीचं संमतीपत्र जोडलंय का बघा, नसेल तर मागवा आणि तोवर काही भरू नका. मग हुद्दा आणि दोन तारखा, बाकी रकान्यांत 'कंपनी ही माहिती देत नाही', बस. मात्र हे सगळ्यांसाठी ठेवा, चांगल्या माणसांसाठीही, नाहीतर एकट्याचाच रकाना रिकामा दिसला की तोच बोलतो. आणि डिसेंबरचं म्हणाल तर यूएएनच्या, म्हणजे त्याच्या पीएफ नंबरच्या, सर्व्हिस हिस्टरीत एजन्सीला ते तसंही दिसतं, तुम्ही सांगायची गरजच नाही.

प्रतिसाद, म्हापशाहून, वकिली करतो:
नोटीस कचऱ्यात अजिबात नको, उत्तर वकिलामार्फतच जाऊ दे. १ जुलै २०२४ पासून बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. शेठना सांगा, फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. सद्भावनेने दिलेल्या माहितीला अपवाद आहे, पण कायद्यात सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन, आणि तुमच्याकडे चौकशीच नाही. एजन्सीला हक्क अबाधित ठेवून एवढंच कळवा की 'या तुटीबद्दल त्याच्याविरुद्ध चौकशी झालेली नाही, कोणताही ठपका ठेवलेला नाही'. ही वस्तुस्थिती आहे, माफी नव्हे. मजकूर वकिलाला दाखवूनच पाठवा. जुने मेल एकही डिलीट करू नका. आणि त्याचा फुल अँड फायनल, म्हणजे सोडतानाचा सगळा हिशेब, दिलाय ना?

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. फुल अँड फायनल शेठनी रिळांच्या नावाने अडवून ठेवलाय...

म्हापसा:
मग तो आधी मोकळा करा. तुटीला पुरावा नाही आणि पैसे मात्र अडवलेत, हे घेऊन तो पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरकडे गेला तर दुसरं प्रकरण उभं राहील. नोटिशीच्या उत्तरात पैसे दिल्याची तारीख घालता आली तर उत्तमच.

धागाकर्ती:
'दोन वर्षांपर्यंत' वाचून शेठ जरा नरमलेत. उद्या फोंड्याला वकिलाकडे जातोय, चेकबुक घेऊन यायला सांगितलंय त्यांना.