मदत हवी आहे: विश्वकर्माचं कर्ज आणि कुंभारकामाचा हंगाम, हप्ते कसे बसवता?

नमस्कार मंडळी,

आमचे अण्णा कुंभारकाम करतात, सातारा जिल्ह्यात. गेल्या वर्षी पीएम विश्वकर्मात, म्हणजे केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या योजनेत, नाव नोंदवलं. ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत पडताळणी झाली, प्रशिक्षण झालं, त्याचे रोजचे 500 खात्यावर आले आणि 15,000 च्या व्हाउचरवर विजेवरचं चाक घरी आलं. आधीचं चाक काठीने फिरवायचं. गती उतरली की वाकून पुन्हा काठी लावायची, त्यात उजवा खांदा गेला त्यांचा. नवं चाक आलं त्या दिवशी माती न लावता नुसतंच फिरवून बघत बसले होते.

आता प्रश्न पहिल्या टप्प्याच्या कर्जाचा. 1 लाख, 5 टक्के, 18 महिने. व्याज सगळं मिळून चार-सव्वाचार हजार होतंय, त्याची काळजी नाही. हप्ता मात्र महिन्याला 5,800 च्या आसपास बसतो. आमच्याकडे पैसा येतो फेब्रुवारी ते मे माठांचा आणि दिवाळीच्या तोंडावर पणत्यांचा. पावसाळ्यात कच्ची भांडी वाळत नाहीत, भट्टी लावता येत नाही. ते चार महिने हप्ता कुठून आणायचा?

तरी कर्ज घ्यायचंच असं माझं मत आहे, कारण उचल. माती आणि लाकूडफाट्यासाठी दरवर्षी व्यापाऱ्याकडून उचल घेतो, मग माठ त्याच्याच भावाने द्यावे लागतात. आमच्या दारातून 70 रुपयांना गेलेला माठ हायवेला 200 ला विकताना मी स्वतः पाहिला. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. पावसाआधी माती स्वतःच्या पैशाने भरली, माल ठेवायला पत्र्याची शेड झाली, तर माठ आमच्या भावाने विकता येतील.

ज्यांनी हे कर्ज घेतलंय त्यांनी कृपया सांगा:

पावसाळ्यातले हप्ते तुम्ही कसे भागवले? मे महिन्यातच चार हप्ते बाजूला काढून ठेवायचे असं मी योजलंय, पण घरात पैसा दिसला की राहत नाही. की पूर्ण लाख न घेता 50,000 च घ्यावेत?

योजना विनातारण आहे, तरी शाखेत "जामीनदार आणा" म्हणाले. तुमच्याकडे मागितला होता का? तक्रार कुठे केलीत, आणि उपयोग झाला का?

आईच्या नावावर खाजगी फायनान्सचं गटाचं कर्ज चालू आहे, दर आठवड्याला हप्ता. त्यामुळे अण्णांचं अडेल का?

योजना एका कुटुंबात एकालाच आहे. भावाचं लग्न झालंय, तोही हेच काम करतो, पण रेशनकार्ड एकत्र. त्याला वेगळा अर्ज करता येतो का?

सोमवारी पुन्हा शाखेत जायचंय. त्याआधी कुणी लिहिलंत तर फार बरं होईल.