शून्य नैसर्गिक संख्यांत घ्यावं का?

धागा (कळंब, जि. यवतमाळ)
पाठ्यपुस्तकात नैसर्गिक संख्या १ पासून. शून्य मिळवलं की पूर्ण संख्या. माझ्या मते शून्य नैसर्गिकातच हवं. मोजणीची उत्तरं म्हणजे नैसर्गिक संख्या. दोन्ही बैल विकले तर गोठ्यात किती? ०. हे उत्तर मोजूनच आलं. आयएसओ ८००००-२ या गणिती चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही ० नैसर्गिकच आहे.

मेहकर
नाही पटत, सर. मोजताना पहिल्या वस्तूवर बोट ठेवून आपण '१' म्हणतो. पेआनो या इटालियन गणितज्ञानेही १८८९ मध्ये नैसर्गिक संख्यांचे नियम मांडताना १ पासूनच सुरुवात केली. अन् लसाविचं काय? ४×०=०, ६×०=०. म्हणजे ० दोघांचाही विभाज्य. मग ४ अन् ६ चा लघुतम साधारण विभाज्य १२ न येता ० येईल. कोणतीही जोडी घ्या, तेच.

कळंब
व्याख्येत 'शून्येतर' शब्द घाला, भागलं. पूर्णांकांत −१२, −२४ हेही विभाज्यच, तिथं 'धन' म्हणावंच लागतं ना! त्यासाठी संख्याच बाहेर काढायची काऊन?

धारणी
हा वाद संकेताचा, दोन्ही चालतं. पण 'शून्य समही नाही, विषमही नाही' असं मुलांना सांगतात, ते साफ चूक आहे. ०=२×०. दोनने भागलं तर बाकी ०. −१ आणि १ या दोन विषमांच्या मधे काय असणार? सम वजा सम नेहमी सम. मग ६−६ चं काय करता? '१० पेक्षा लहान सम पूर्ण संख्या किती?' याचं उत्तर पाच: ०, २, ४, ६, ८. चार लिहिलं की गुण गेला.

लाखांदूर
शून्य धन नाही, ऋण नाही. तसंच सम-विषमच्याही बाहेर ठेवा ना. त्यात जोडीच कुठं आहे?

धारणी
दोन्ही कसोट्या वेगळ्या आहेत, भाऊ. धन-ऋण पाहताना संख्यारेषेवर बाजू कोणती ते बघतो; सम-विषमसाठी फक्त बाकी. विषम ठरायला एक उरावा लागतो. इथं काहीच उरत नाही. बाहेर ठेवायचंच असेल तर मूळ-संयुक्तच्या बाहेर ठेवा: मूळ संख्येला नेमके दोन विभाजक लागतात, शून्याला तर १, २, ३… सगळेच भागतात. संयुक्तही नाही, कारण ती १ पेक्षा मोठी हवी.

मेहकर
सम मान्य. नैसर्गिकाला माझा विरोध कायम. सहावीच्या पोरानं पुस्तकाप्रमाणे १ पासूनच लिहावं. ० धरायचं असेल तर प्रश्नातच 'ऋणेतर पूर्णांक' छापा.