मदत हवी आहे: दहाचाकीवर बांधलेला टो ट्रक उचलतो झकास, पण पुढून हलका होतो

मंडळी नमस्कार. पोस्ट लांबलीय, पण आकडे दिले नाहीत तर कुणी नेमकं उत्तर देणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

तळोज्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. टिपरचे हौदे, पाण्याचे टँकर, ट्रेलरचं रिपेअरिंग हे रोजचं काम. उरणच्या एका गिऱ्हाइकाचे जेएनपीए बंदराच्या (आधीचं जेएनपीटी) कंटेनरवर चौदा ट्रेलर चालतात. जासई ते कळंबोली या पट्ट्यात गाडी बंद पडली की क्रेनवाला सांगेल तो भाव, वर घोड्याचा (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचा) बंपर वाकवून ठेवतो तो वेगळाच. वैतागून त्याने एक जुना दहाचाकी ट्रक (२५१८ मॉडेल) आणून दारात उभा केला. म्हणाला, "यावर मला टोचनची गाडी बांधून दे, पावसाळ्याआधी." मी हो म्हणून मोकळा झालो. त्याआधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसलो असतो तर बरं झालं असतं.

चॅसीवर पूर्ण लांबीची सबफ्रेम (वरची जादा चौकट) टाकलीय. चॅसीच्या आडव्या पट्ट्यांना कुठेही भोक नाही की वेल्डिंग नाही, सगळे बोल्ट उभ्या भागातून. गिअरबॉक्सच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेर घ्यायची जोडणी) हायड्रॉलिकचा गिअर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाबाची मर्यादा, १८० बारवर. मागे अंडरलिफ्ट (बंद गाडी पुढून खालून उचलणारा हात), त्याला १२५ मिमी बोअरचे दोन सिलेंडर. एका सिलेंडरला या दाबावर साधारण २२ टन जोर मिळतो, त्यामुळे आधी वाटलं एकात भागेल. पण भार पिव्हटपासून २.४ मीटरवर आणि सिलेंडरचा हात जेमतेम ६० सेंमी. म्हणजे ७ टन उचलायला २८ टन जोर हवा. म्हणून दोन. विंच (दोर गुंडाळून ओढणारा ड्रम) बूमच्या बुडाशी, मागच्या चाकांच्याही मागे बसवलाय, कारण तिथून दोर सरळ जातो. टूलबॉक्स, साखळ्या, स्नॅच ब्लॉक (दोराच्या कप्प्या) हे सगळंही मागेच, हाताशी यावं म्हणून.

गेल्या रविवारी वजनकाट्यावर नेला. काही न उचलता पुढे ४,२६० किलो, मागे ७,१००. मग गिऱ्हाइकाचाच एक रिकामा घोडा पुढून उचलला. त्याच्या पुढच्या अॅक्सलवर ४.६ टन. पुन्हा फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली तर वजन १,३४०! मला वाटलं काटाच बिघडला. घरी येऊन हिशोब मांडला. पुढच्या अॅक्सलपासून मागच्या दोन अॅक्सलच्या मध्यापर्यंत ४.९ मीटर, आणि तिथून उचलण्याच्या जागेपर्यंत ३.१. म्हणजे ४.६ गुणिले ३.१ भागिले ४.९, बरोबर २.९ टन पुढून उडाले. काट्याची काही चूक नव्हती.

मागे सगळं मिळून साडेचौदा टनांच्या आसपास येतं. दुहेरी अॅक्सलला त्याहून बरीच जास्त मुभा आहे, तेव्हा मागची चिंता नाही. हायड्रॉलिक्सने तर हूं की चूं केलं नाही. तळोजा फाट्यापर्यंत हळूहळू जाऊन आलो, स्टिअरिंग इतकं हलकं की ड्रायव्हर खूश, "पॉवर स्टिअरिंग वाटतंय" म्हणाला. मला मात्र घाम फुटला होता.

गिऱ्हाईक म्हणतं भरलेला ट्रेलरही ओढायचाय. भरलेल्या गाडीचा पुढचा अॅक्सल साडेसहा टन धरला तर माझ्या पुढच्या चाकांवर दीडशे किलो उरतात. दीडशे! मोटरसायकलचं वजन झालं ते.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. चॅसी कापून व्हीलबेस वाढवावा, पुढच्या बंपरला वजन बांधावं, किंवा अंडरलिफ्ट आत ओढून घ्यावा. तिसऱ्यात भीती ही की वळणावर ओढलेल्या गाडीची कॅबिन माझ्या बुडाला लागेल. कुणी असलं काम केलंय का? की गिऱ्हाइकाला सरळ सांगू, ही चॅसी या कामाची नाही?

घाटवाला: दादा, सतरा वर्षं रिकव्हरीच्या गाडीवर काढलीत, बहुतेक खंडाळा घाटात. पुढून हलकी गाडी सरळ रस्त्यावर काही सांगत नाही. ओल्या उतारावर वळण आलं की सांगते, आणि तेव्हा ऐकायला वेळ नसतो. बाहेरच्या देशांतले टो ट्रकवाले एक आडाखा पाळतात: काही न उचलता पुढे जेवढं वजन असतं, त्याच्या निम्मं तरी उचलल्यावर उरलं पाहिजे. तुमचं एक तृतीयांशही उरत नाही.

आता भरलेल्या ट्रेलरचं. तो उचलायचाच कशाला? गिऱ्हाइकाकडे चौदा घोडे आहेत ना? दुसरा घोडा पाठवायचा, ट्रेलर पायांवर उभा करून त्याला जोडायचा, मेलेला घोडा तेवढा तुम्ही न्यायचा. जागा सपाट आणि टणक हवी, एवढंच.

आणि हे विचारलं नाहीत तरी सांगतो. हवा गेलेल्या गाडीचे मागचे स्प्रिंग ब्रेक (हवेच्या दाबानेच सुटणारे) लागलेलेच असतात. तुमच्या टाकीतून तिला हवेची लाइन द्यायची सोय करा, आणि ती अशी की तुम्ही ब्रेक मारला की मागच्या गाडीचाही लागेल. ब्रेकचा चेंबर फुटला असेल तर केजिंग बोल्टने स्प्रिंग दाबून बांधायचा. तिचा जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलकडे जाणारा) काढल्याशिवाय एक किलोमीटरही ओढू नका. इंजिन बंद असताना चाकं गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरवतात, पण खालचा शाफ्ट तेल उडवत नाही, आणि बेअरिंग जळतात. मग गिऱ्हाईक म्हणणार, तुमच्या टोचनने गिअरबॉक्स गेला.

पासिंगवाला: चॅसी कापायचा विचार डोक्यातून काढून टाका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. व्हीलबेस त्यातच आला. बॉडीचा प्रकार बदलतोय, त्याबद्दलही पनवेलच्या आरटीओत आधी बोला, गाडी रंगवून झाल्यावर नको. एजंट म्हणेल होऊन जाईल. अपघातानंतर विम्याचा माणूस आला की एजंट फोन उचलत नाही.

खारेगावकर: सोपा उपाय आहे. पुढच्या बंपरवर सासुरवाडीची मंडळी बसवा.

धागाकर्ता: खारेगावकर, हसलो, पण हिशोब करून पाहिला. बंपर पुढच्या अॅक्सलच्या १.२ मीटर पुढे आहे. तिथे एक टन सासुरवाडी बसवली तर पुढे सव्वा टन वाढतं, मागचं पाव टन कमी होतं. फायदा खराच आहे. पण तो टनभर जन्मभर फुकट वाहायचा, डिझेल कोण देणार?

घाटवाला दादा, दुसऱ्या घोड्याची गोष्ट इतकी साधी आहे की मला सुचली नाही याची लाज वाटली. गिऱ्हाइकाला फोन केला. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ते तर आम्ही तसंही करतो कधी कधी." आधी सांगायला काय झालं होतं!

लोखंडी: वजन वाढवण्याआधी असलेलं हलवा ना. विंच मागच्या चाकांच्या पुढे घ्या, दोर रोलरवरून फिरवा. टूलबॉक्स आणि साखळ्या कॅबिनला चिकटून. आणि एक प्रश्न: दोन्ही लिफ्ट सिलेंडरवर लॉक व्हॉल्व्ह आहेत का? थेट सिलेंडरच्या तोंडावर, होजच्या पलीकडे नव्हे. होज फुटली तर घोडा खाली आपटू नये.

धागाकर्ता: लोखंडी, व्हॉल्व्ह आहेत, पण खरं सांगायचं तर कंट्रोल व्हॉल्व्हपाशी होते. काल काढून सिलेंडरच्या तोंडावर बसवले. धन्यवाद, खरंच.

बाकीचा हिशोब असा. दोरासकट ६०० किलोचा विंच अडीच मीटर पुढे सरकवला की पुढे ३०० किलो मिळतात. ४०० किलोचं सामान पार मागून कॅबिनमागे आणलं, म्हणजे जवळपास पूर्ण व्हीलबेसइतकं, तर आणखी ४००. पुढचं रिकामं वजन ४,९६० होतं. अंडरलिफ्ट अर्धा मीटर आत घेऊन २.६ वर आणला तर घोडा उचलल्यावर २.४४ टन उडतात, अडीच टन उरतात. निम्म्याच्या जरासं वर. पुठ्ठ्याचे तुकडे कापून घोड्याची कॅबिन वळणावर कुठे लागते ते पाहिलं, चार बोटं अंतर राहतंय. चार बोटं कमी आहेत, मला निदान वीतभर हवंय.

आता अडलंय ते बसपाशी. गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याच्या दोन बस आहेत, त्याही उचलायच्या म्हणे. मागच्या इंजिनाच्या बसचं थोबाड पुढच्या चाकाच्या दोन-अडीच मीटर पुढे असतं, तिथे २.६ वर हात पोचणारच नाही. सरकता हात ठेवून, घोड्याला आत आणि रिकाम्या बसला बाहेर, अशी दोन ठिकाणी पिन लावायची व्यवस्था कुणी केलीय का? बाहेरच्या भोकाशी किती वजनापर्यंत उचलायचं ते गाडीवरच रंगवून ठेवायचा विचार आहे, कारण ड्रायव्हर हिशोब करणार नाही. कुणाकडे तशा हाताचे फोटो असतील, भोकाभोवती प्लेट किती जाडीची आहे ते दिसतील असे, तर इथे टाका. शनिवारपर्यंत प्लेट कापायला द्यायचीय.