शटर रंगवणारा कसला चित्रकार?

पेठेतला नाना: काल इथं एकानं लिहिलं, "मुंबईचा चित्रकार म्हणवणारा अतुल दोडिया दुकानाच्या शटरवर ऑइलपेंट मारतो. तेवढं आमच्या गल्लीतला बोर्डपेंटरही करतो. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या बेळगावात असल्यांचं कौतुक नको." डोकं उठलं, म्हणून लांबड लावतोय. त्याचं २००२ चं 'महालक्ष्मी' फोटोत तरी बघा. शटर खाली असताना पत्र्यावर कॅलेंडरातली लक्ष्मी. वर सारलं की मागं कॅनव्हास, त्यावर हुंड्यापायी फास घेतलेल्या तीन बहिणी. देवी गुंडाळल्याशिवाय पोरी दिसतच नाहीत! आणि हात नाही म्हणता? १९८२ ला मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडलाय माणूस.

शहापूरकर: मीच लिहिलंय ते. नाव घ्यायला लाजता कशाला? केबींच्या हाताखालून रवी परांजपेंसारखे चित्रकार निघाले. आधी चेहरा बसवायला शिका, मग शटर उचला. जे.जे.तून काय, दरसाल शेकड्यानं बाहेर पडतात.

निपाणीची सून: मला चित्रातलं कळत नाही. पण बाहेर लक्ष्मीपूजन आणि आतल्या खोलीत देण्याघेण्याचा हिशेब, हे मी बघितलंय. ते शटर मला समजावून सांगायला नको.

ब्रशवाला: "तेवढं बोर्डपेंटरही करतो" म्हणे! आमचे बाबा गणपत गल्लीत बोर्ड रंगवायचे. खडूत माखलेली दोरी ताणून टणकन सोडायची, त्या रेघेवर अक्षरं. शटर म्हणजे सगळ्यात वंगाळ काम. प्रत्येक पन्हळीवर ब्रश उडी मारतो, 'क'चं पोट तुटतं. त्यावर देवीचा चेहरा काढायचा म्हणजे चेष्टा नाही. फ्लेक्स आलं आणि बाबांचे ब्रश डब्यातच वाळले.

सीमावासी: फ्लेक्सचं काय घेऊन बसलाय? २०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या बोर्डावर साठ टक्के कन्नड पाहिजे. मराठी अक्षरं मुंगीएवढी. बेळगावजवळच्या येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक २०१४ ला उखडला तेव्हा कुठं होते हे कलाप्रेमी?

ब्रशवाला: बाबांनी कन्नड बोर्डही रंगवले की वो. कन्नडच्या वळणांना ब्रश मऊ जातो म्हणायचे. पैसे कोण वेळेवर द्यायचं ते नाही सांगत, भांडणं लागतील.

सीमावासी: वा! आम्ही लाठ्या खायच्या आणि तुम्ही वळणांची तारीफ करायची. घरभेदी!

ब्रशवाला: तोंड सांभाळून. एक नोव्हेंबरला, सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनी, काळ्या फिती बांधून पुढं चालणाऱ्यानंच गल्लीत पहिला फ्लेक्स लावला. बाबांची उधारी बुडवून. नाव सांगू?

पेठेतला नाना: अहो, धागा दोडियाचा आहे! पण बंदच्या दिवशी रामदेव गल्लीतून चालून या. दोन्ही बाजूंनी नुसता पत्रा, आतल्या माणसाचा पत्ता नाही. मुंबईकरानं तोच पत्रा उचलून २००१ ला लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये नेला. आपल्याकडं बंद काय कमी झाले? सुचलं कुणाला?

शहापूरकर: झालं, लंडनचं नाव काढलं की आम्ही गप्प बसायचं! बरं, लक्ष्मीचं शटर तेवढं मान्य. तेही पेंटरच्या पोरानं पन्हळीचं सांगितलं म्हणून, तुमच्या व्याख्यानानं नव्हे. बाकीची शटरं तुमच्या घराला लावा.

सीमावासी: लावा की. पालिकेचा माणूस येईलच टेप घेऊन, साठ टक्के मोजायला.