बर्नार ईनोने लेमाँडला दिलेला शब्द पाळला की मोडला?

घाटवेडा
पाच टूर द फ्रान्स, तीन जिरो (इटलीची मोठी सायकल शर्यत), दोन व्हुएल्टा (स्पेनची). फ्रेंच सायकलपटू ईनोच्या पायांबद्दल वादच नाही, माझं भांडण त्याच्या जिभेशी आहे. १९८५ च्या टूरमध्ये सेंट एतिएनला पडून त्याचं नाक मोडलं. पुढे लुझ आर्दिदेंच्या चढावर तो मागे पडला, आणि त्याच्याच संघाचा ग्रेग लेमाँड स्टीफन रोशबरोबर पुढे होता. संघाच्या गाडीतून हुकूम आला, रोशला साथ द्यायची नाही. पोराने निमूट ऐकलं. ईनो १ मिनिट ४२ सेकंदांनी पाचवी टूर जिंकला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी मी ग्रेगसाठी राबेन.

पुढच्या वर्षी काय केलं? पो गावाच्या टप्प्यात पेद्रो देल्गादोला घेऊन पळाला! लेमाँड साडेचार मिनिटांहून जास्त मागे. याला राबणं म्हणतात?

मागचा_गिअर
दुसरा दिवस सोयीने गाळलात की! ईनोच्या अंगावर आघाडीवीराची पिवळी जर्सी, लेमाँडवर ५ मिनिटं २५ सेकंदांची आघाडी. जिंकायचंच असतं तर लेमाँडच्या चाकामागे चिकटून बसला असता. हा गडी तूरमाले घाटाच्या उतारावर पुन्हा सुटला आणि सुपरबान्येरच्या शेवटच्या चढावर पार गळाठला. टप्पा लेमाँडने मारला, आघाडी उरली ४० सेकंद. ईनो सांगत होता की मी बाकीच्यांना दमवत होतो. मला ते पटतं.

खडीवाला
बाकीचे कोण हो? तिसरा आलेला झिमरमन शेवटी दहा मिनिटांहून जास्त मागे होता. सुपरबान्येरचा डाव फसला म्हणून त्याचा त्याग झाला. जमला असता तर सहावी टूर, जी पाच-पाच टूर जिंकलेल्या अँक्तील आणि मर्क्सलाही मिळाली नव्हती. हाव होती, सरळ बोला ना.

सुटी_चेन
हाव म्हणा, खोड म्हणा. १९८० च्या लिएज-बास्तोन-लिएज या एका दिवसाच्या शर्यतीत बर्फ पडत होता, निम्म्याहून जास्त जण सोडून गेले, हा नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला आणि बोटं कायमची अधू करून घेतली. १९८४ च्या पॅरिस-नीस शर्यतीत संपकऱ्यांनी रस्ता अडवला तर सायकल टाकून ठोसे मारत घुसला. अशा माणसाला ‘मागे राहून मदत कर’ सांगणं म्हणजे वळूला गोठ्यात शांत बस म्हणणं. चूक लेमाँडची, विश्वास ठेवला.

(अवांतर: १९८५ नंतर एकाही फ्रेंच पुरुषाला टूर जिंकता आलेली नाही. २०२५ मध्ये महिलांची टूर मात्र पोलिन फेराँ-प्रेवोने आणली.)

घाटवेडा
वा! म्हणजे फसवणाऱ्याचा स्वभाव आणि फसलेल्याची चूक? संघ एक, ला व्ही क्लेअर, मालक बर्नार तापी, आणि आत दोन तट. लेमाँड आपल्याच लोकांना घाबरून सायकल चालवत होता. ग्रानोंच्या घाटात त्याने पिवळी जर्सी घेतली, दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझला दोघे हातात हात घालून वर आले. फोटो काय सुंदर! आणि लगेच ईनो टीव्हीवर सांगतो, टूर अजून संपलेली नाही.

मागचा_गिअर
हे बोलणं मलाही आवडलेलं नाही, कबूल. पण निकाल बघा. लेमाँड ३ मिनिटं १० सेकंदांनी जिंकला, टूर जिंकणारा पहिला अमेरिकन. आयती मिळाली असती तर लोक म्हणाले असते, ईनोने दान दिली.

खडीवाला
मग आल्प द्युएझनंतरच्या टाइम ट्रायलचं काय? तिथेही जीव खाऊन चालवली आणि टप्पा जिंकला. लेमाँड त्यात पडला होता, तरी.

मागचा_गिअर
अहो, टाइम ट्रायलमध्ये जो तो एकटा असतो. तिथे कुणासाठी राबणार?