प्रतिसाद: ‘ज्याची त्याची श्रद्धा, ज्याचं त्याचं सत्य’

वर कोणीतरी म्हटलंय की वसईच्या ख्रिस्ती माणसाला येशू खरा, शेजारच्याला विठोबा, वाद संपला. शेजारधर्म म्हणून छान, पण येशू मेलेल्यांतून उठला या ख्रिस्ती दाव्याला ते लागू पडत नाही.

कोळ्यांचा हिशेब बघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, थोडं पुढंमागं. तिथी चुकीची धरलीत तर मनात कितीही खात्री असो, होडी खाडीच्या मुखाशी वाळूत रुतणारच.

ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल नेमका याच जातीचा दावा करतो. करिंथकरांना पहिल्या पत्रात (अध्याय १५, साधारण इ.स. ५३-५५) तो उठलेल्या येशूला पाहिलेले साक्षीदार मोजतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण (येशूचे निवडक शिष्य), पाचशेहून अधिक बंधू, त्यातले बहुतेक अजून हयात, मग याकोब (येशूचा भाऊ). आणि १४व्या वचनात सरळ सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. म्हणजे विश्वासामुळे घटना खरी ठरत नाही, घटना खोटी निघाली तर विश्वासच बुडतो.

इथे भाविकांचीही एक गफलत होते. यादी दिली म्हणजे पुरावा झाला असं नाही. पाचशेंचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) नाही, आणि ‘मला अनुभव आला’ हे त्या यादीला ठिगळ लावून चालत नाही. तपासायचं ते पौलाचं म्हणणं, आपली भावना नव्हे.

गोंधळ शब्दाचाही आहे. मूळ ग्रीक ‘पिस्तिस’मध्ये भरवसा आणि निष्ठा दोन्ही येतात. मराठीत ‘श्रद्धा’ म्हटलं की ती लगेच खाजगी होते. बायबलच्या मराठी भाषांतरातला ‘विश्वास’ त्यामानाने बरा.