घरच्या लॅपटॉपवर भजनाचं मिक्सिंग : टाळ कानात घुसतोय, पखवाज मोबाईलवर गायब

खानापूरचा_पोरगा
राम कृष्ण हरी माउली. आमच्या गावच्या भजनी मंडळाचे चार अभंग आणि एक गौळण घरातच रेकॉर्ड केलीय. दोन माईकचा इंटरफेस, एक कंडेन्सर माईक (बारीक आवाज पण पकडणारा), एक डायनॅमिक माईक (जवळचाच आवाज घेणारा), आणि लॅपटॉपवर रीपर (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर). दोन महिने झाले मिक्स करालोय पण काय जमेना. हेडफोनमधी एक नंबर वाटतंय, मोबाईलवर लावलं की पखवाज कुठं गेला कळत नाही आणि देवळातल्या स्पीकरवर लावलं तर टाळ कानात खिळा मारल्यागत, बुवा त्याच्या मागं कुठंतर. मग बुवांच्या ट्रॅकवर ईक्यू (आवाजातले उंच-खालचे पट्टे कमी-जास्त करायचं साधन) लावून ६ हजार हर्ट्झच्या आसपास दाबून कापलं, तर टाळ बसला पण 'स' आणि 'श' पण गेले, 'सावळा'चा 'आवळा' व्हालाय, मंडळी हसालीत.
मास्टरिंगला (मिक्सवर शेवटचा हात फिरवताना) लिमिटर (ठराविक पातळीवर आवाजाची टोकं दाबणारा) लावून आवाज एवढा वर घेतला की वेव्हफॉर्म जांभ्याच्या चिऱ्यागत दिसालंय, तरी यूट्यूबवर चढवलं की दुसऱ्यांच्या भजनापेक्षा बारीकच. एकजण म्हणाला महागातलं प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायचं जास्तीचं साधन) घे सगळं सुटतंय. घेऊ का?
रेकॉर्डिंग असं केलेलं : सगळे गोल बसलेले, मधी कंडेन्सर, आणि डायनॅमिक पखवाजाजवळ.

निपाणी_होमस्टुडिओ
प्लगिन घेऊ नको बाबा, पैसे राख. दुखणं बैठकीत हाय आणि तू औषध मिक्समध्ये शोधायलास.
गोल करून मधी माईक ठेवलास म्हणजे बुवा आणि टाळकरी माईकपासून सारख्याच अंतरावर आले, आणि सात-आठ टाळांपुढं एका गळ्याचं काय चालणार सांग की. एकदा टाळ बुवांच्या माईकात शिरला की कुठलं ईक्यू त्याला वेगळा काढत नाही, कारण टाळाची झणझण आणि 'स'ची सळसळ दोन्ही त्याच पट्ट्यात. म्हणून तर आवळा झाला.
पहिल्या काळात कसं करत माहीत हाय का? १९०२ ला कलकत्त्यात गायिका गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा माईकच नव्हता, भोंग्यात तोंड घालून गायचं. विजेचा माईक १९२५ च्या आसपास आला. तोपर्यंत मिक्सिंग म्हणजे कुणाला कुठं उभा करायचं एवढंच, मोठ्या आवाजाचं वाद्य लांब, गाणारा भोंग्याला चिकटून. तुझ्याकडं माईक दोनच हाईत तर तेच कर.
बुवांच्या तोंडापासून एक वीतभर कंडेन्सर. कार्डिऑइड (समोरचंच ऐकणारा) असला तर त्याची पाठ बहिरी असते, त्या पाठीकडं टाळकरी, पाच-सहा फूट लांब. अंतर दुप्पट केलं की मोकळ्यात आवाज ६ डेसिबलनं उतरतो, खोलीत एवढा नाही उतरत पण फरक पडतोच. वीतभरापेक्षा जवळ नको, नाहीतर आवाज डेऱ्यात बोलल्यागत घुमतो. पेटी बुवांच्या माईकात येणारच, येऊ दे, फक्त माईक पेटीकडं वाकवू नको.
आणि टाळ नंतर वेगळे घेता आले तर सोन्याहून पिवळं.

खानापूरचा_पोरगा
टाळाशिवाय बुवांना रंगच चढत नाही हो, एकदा बघितलं करून, तिसऱ्या ओळीला थांबले आणि म्हणाले हे काय मयताच्या घरात बसल्यागत.

निपाणी_होमस्टुडिओ
😂 बरोबर हाय त्यांचं. मग एकच टाळकरी ठेव, हळू धरायला सांग, लांब बसव. बाकीचे टाळ आणि मागचा कोरस दुसऱ्या फेरीला हेडफोन लावून त्याच्यावर घे. एका टाळाची गळती मिक्समध्ये खपून जाते, आठांची नाही.

गप्प_बसा_की
बेळगावात स्टुडिओ काय कमी हाईत का, एक दिवसाचं भाडं द्या आणि मोकळं व्हा. घरात बसून मास्टरिंग हुतंय व्हय.

खानापूरचा_पोरगा
दादा चौदा माणसं, सगळी शेतातली, रात्री नऊच्या आत एकजण मोकळा होत नाही. पेटी-पखवाज घालून टेम्पो करायचा आणि रात्री परत आणायचं, आणि एक अभंग चुकला की परत जायचं. घरातच बरं.

टिळकवाडी_डेसिबल
लाउडनेसचं मी सांगतो, बाकी निपाणीवाल्या दादांनी सांगितलंय ते सोळा आणे.
यूट्यूबला लिमिटर लावून फसवता येत नाही. उणे १४ लफ्सच्या (गाण्याचा एकूण आवाज मोजायचं माप) वर जेवढं जाशील तेवढं ते खाली ओढतं, पण बारीक असेल तर वर उचलत नाही. कॉम्प्युटरवर तुझा व्हिडिओ लावून राईट क्लिक कर, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघड, त्यात 'कंटेंट लाउडनेस' दिसेल, म्हणजे तू उणे १४ च्या किती वर आहेस ते. समजा तिथं ५.८ आलं तर तुझं मास्टर उणे ८.२ च्या आसपास आहे आणि यूट्यूब ते ५१ टक्क्यावर आणून वाजवालंय. म्हणजे तू पखवाजाचा प्रत्येक ठोका ठेचून लाउडनेस कमावलास, त्यांनी तो काढून घेतला, ठेचलेला पखवाज मात्र तुझ्याकडंच राहिला. दुसऱ्याच्या भजनात ठोका शाबूत आहे म्हणून ते मोठं वाटतंय.
उणे १४ च्या जवळपास राहा, भजन आहे, उणे १६ झालं तरी काय बिघडत नाही. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ डेसिबलच्या वर नको. रीपरमधला लाउडनेस मीटर फुकटच आहे की.
आता मोबाईल. त्याचा स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काय वाजवतच नाही, पखवाजाचा डावा हात तिथंच राहतोय. खालचा बेस वाढवून उपयोग नाही, नुसती जागा खाईल. थोडं सॅच्युरेशन (आवाजाला जराशी खरखर) लाव म्हणजे वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात आणि कानाला खालचा सूर असल्यासारखा भासतो, आणि २ ते ४ हजारात बोटाचा आघात जरासा उचल.
अजून एक, मिक्स मोनो (डावं-उजवं एकत्र) करून ऐकलास का? पखवाज दोन्ही माईकात आलाय. एका माईकला ३४ सेंटिमीटर जास्त लांब असला तर आवाज १ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकाला मारतात. रीपरमध्ये ट्रॅकवर पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी करायचं बटण आहे, दाबून बघ, भरीव वाटलं तर तसंच ठेव.
आणि मंडळाला व्हॉट्सॲपवर ऐकायला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते दाबून टाकतं आणि शिव्या तुला.

येळ्ळूरचा_मृदंग
मला कॉम्प्युटरमधलं काय कळत नाही, ३० वर्षं पखवाज वाजवतोय एवढंच. पोरा, तुझ्या पखवाज्याला विचार डाव्या अंगाला कणीक कधी लावली. पंखा सुरू ठेवून दोन-तीन तास रेकॉर्डिंग केलं की कणीक वाळते, आवाज चढतो, मग तो 'धूम' न येता 'टण्' येतो. दर दोन अभंगांनी पाण्याचा हात फिरवायला सांग. आणि उजवं अंग बुवांच्या सा ला लावलेलं नसेल तर पेटीशी भांडत राहतंय, ते तुमच्या त्या ईक्यूत पण जाणार नाही. आधी वाद्य लावा, मग मशीन लावा.

टिळकवाडी_डेसिबल
मामा हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही 🙏 मी असल्या 'टण्'वर आठ दिवस ईक्यू घालून बसलेलो.

खानापूरचा_पोरगा
माउली परवा एकादशीच्या रात्री परत घेतलं. भिंतीला चार वाकळा टांगल्या, पंखा बंद, कणीक नवीन, टाळकरी पाठीकडं. पहिला अभंग असा आलाय की नुसते फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) लावले आणि बुवांच्या ट्रॅकला ९० हर्ट्झखाली कापलं, बास. 'सावळा' सावळाच आहे. कंटेंट लाउडनेस ०.४ आलं, मोबाईलवर पखवाज बारीक आहे पण आहे. बुवा घामानं भिजले आणि मला शिव्या दिल्या, ते वेगळं.
दुसऱ्या अभंगाला मात्र पाऊस आला, वरती पत्रा आहे. सगळ्या ट्रॅकवर पत्र्याचा आवाज, आणि गाणं लई भारी झालंय, टाकवत नाही. हा आवाज कुठल्या प्लगिननं जातोय का?

निपाणी_होमस्टुडिओ
खानापूरचा पाऊस व्हय. तो दिवाळीनंतर जातोय.